ओपन ट्यूनिंगमध्ये गिटार पुन्हा पुन्हा कणसूर का होते: निदान आणि उपाय

ओपन ट्यूनिंग म्हणजे मोकळ्या तारा एकत्र छेडल्या की एक कॉर्ड (जुळणाऱ्या स्वरांचा समूह) वाजेल अशी जुळवणी. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये तासभर वाजवूनही सुरात राहणारी गिटार ओपन डी किंवा ओपन जीमध्ये लावली की दहा मिनिटांत खटकू लागते. ट्यूनरची सुई मधोमध असते, पण सहाही तारा एकत्र छेडल्या की कानाला काहीतरी टोचते. ती तार सारखी करावी तर शेजारची सरकलेली असते, आणि अर्धा रियाज खुंट्या पिळण्यातच जातो. ही तक्रार मी स्वतः बरीच वर्षे सोसली आहे. सगळा दोष खुंट्यांचा आहे असे धरून मी त्या बदलूनही घेतल्या होत्या, आणि नव्या खुंट्यांवरही तोच अनुभव आल्यावर मग एकेक तार आणि एकेक खाच तपासत बसलो. तेव्हा लक्षात आले की येथे निदान चार निरनिराळे बिघाड कानाला जवळजवळ सारखेच ऐकू येतात, म्हणून आपण त्यांना एकच नाव देतो. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर त्रास वाढतो.

आधी निदान

उदाहरणासाठी ओपन डी घेऊ. सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेपासून पहिलीपर्यंत तिचे स्वर डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी असे आहेत. नेहमीच्या ट्यूनिंगवरून (सहावीपासून ई, ए, डी, जी, बी, ई) येथे येताना सहावी, दुसरी आणि पहिली तार प्रत्येकी दोन अर्धस्वर उतरते, तिसरी एक अर्धस्वर उतरते, आणि पाचवी व चौथी जागच्या जागी राहतात. सहाही तारा ट्यूनरवर अचूक लावा आणि काहीही न वाजवता लगेच पुन्हा सहावीपासून पहिलीपर्यंत एकेक तार तपासून आकडे कागदावर टिपा. नंतर पाच मिनिटे नेहमीच्या जोराने वाजवा आणि पुन्हा आकडे टिपा. शेवटी प्रत्येक तार बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) दाबून तिचा स्वर त्याच जागच्या हार्मोनिकशी, म्हणजे तार न दाबता बोट नुसते टेकवून छेडल्यावर येणाऱ्या स्वराशी, ताडून पाहा.

पहिल्याच फेरीत, हात न लावलेल्या पाचव्या आणि चौथ्या तारा चढलेल्या दिसल्या, तर नेकवरचा, म्हणजे गिटारच्या मानेवरचा, ताण बदलल्याचा तो परिणाम आहे. वाजवल्यानंतर उतरवलेल्या तारा आणखी उतरलेल्या दिसल्या, तर तार नटच्या (मानेच्या वरच्या टोकाला तारा ज्यावरून जातात त्या पट्टीच्या) खाचेत अडकते आहे. मोकळ्या तारा बरोबर आहेत पण बोटाने दाबलेले स्वर चढे निघतात, तर दोष तारेच्या ताणाचा, नटच्या उंचीचा किंवा सॅडलच्या (ब्रिजवर तारा टेकतात त्या पट्टीच्या) जागेचा आहे. आणि सर्व आकडे शून्यावर असूनही मोकळा कॉर्ड आंबट लागत असेल, तर गिटारमध्ये काहीही बिघडलेले नाही. तिसऱ्या तारेचा सूर ट्यूनरच्या हिशेबाने बरोबर आणि कानाच्या हिशेबाने चूक आहे. माझ्या अनुभवात बहुतेकांना छळणारा दोष हा शेवटचाच असतो आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते.

तपासणी करताना एक काळजी घ्यावी. ओपन ट्यूनिंगमध्ये तारांचे उपस्वर (मूळ स्वराबरोबर उमटणारे वरचे स्वर) एकमेकांशी जुळत असल्यामुळे एक तार छेडली की इतर ताराही आपोआप गुणगुणू लागतात, आणि हेडवर चिमट्याने लावलेला ट्यूनर त्या गोंधळात डोलत राहतो. म्हणून तपासायची तार सोडून बाकीच्या पाचही तारा तळहाताने झाकून ठेवाव्यात. ट्यूनर क्रोमॅटिक, म्हणजे बाराही स्वर ओळखणाऱ्या, पद्धतीवर ठेवावा, कारण फक्त नेहमीच्या सहा स्वरांचा पर्याय निवडलेला असेल तर तो उतरलेल्या डीला चुकीचा ई समजून वर ओढायला सांगतो. त्या सूचनेवर विश्वास ठेवल्याने तुटलेल्या तारा मी पाहिल्या आहेत.

न छेडलेली तार का चढते

तारेचा ताण तिच्या कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. दोन अर्धस्वर उतरवलेल्या तारेची कंपनसंख्या सुमारे ११ टक्क्यांनी कमी होते, पण तिचा ताण जवळजवळ २१ टक्क्यांनी घटतो. ०.०१२ ते ०.०५३ इंच जाडीच्या हलक्या स्टील तारांचा संच लावलेल्या अकूस्टिक गिटारवर नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये मिळून साधारण ७० ते ७५ किलो वजनाएवढा ओढ असतो. ओपन डीमध्ये त्यातला सुमारे ८ किलो ओढ निघून जातो. इतका भार कमी झाल्यावर पुढे वाकलेला नेक किंचित मागे सरळ होतो, ब्रिजखालची (तारांची खालची टोके धरणाऱ्या भागाखालची) लाकडी फळीही थोडी खाली बसते, आणि त्यामुळे ज्या तारांना आपण हात लावलेला नाही त्या ताणल्या जाऊन चढतात. यात दोष कुणाचाच नाही. लाकूड भाराला प्रतिसाद देते आहे, एवढेच.

म्हणून प्रत्येक तार पहिल्याच फेरीत अचूक लावण्याचा हट्ट सोडावा. पहिल्या फेरीत सर्व उतरवायच्या तारा अंदाजे जागेवर आणाव्यात, दोन-तीन मिनिटे थांबावे, आणि मग सहाव्या तारेपासून बारीक जुळवणी सुरू करावी, कारण जाड तारांतला बदल इतरांना अधिक हलवतो. ओपन डी आणि ओपन जीला दोन फेऱ्या पुरतात. ओपन सीमध्ये सहावी तार चार अर्धस्वर, पाचवी व चौथी प्रत्येकी दोन अर्धस्वर खाली जाते आणि दुसरी एक अर्धस्वर वर चढते, त्यामुळे तेथे तिसरी फेरी लागतेच. नायलॉनच्या तारांच्या गिटारवर आणखी धीर धरावा लागतो. उतरवलेली नायलॉनची तार काही वेळ आपसूक वर सरकत राहते.

ज्यांच्या इलेक्ट्रिक गिटारला स्प्रिंगवर तरंगणारा ब्रिज आहे, त्यांची अडचण याच जातीची पण कितीतरी मोठी असते, कारण तेथे एका तारेचा ताण बदलला की सगळा ब्रिजच हलतो. अशा गिटारवर वारंवार ट्यूनिंग बदलायचे असेल, तर ब्रिजच्या मागे लाकडाची घट्ट पट्टी बसवून तो स्थिर करणे हाच व्यवहार्य मार्ग मला दिसतो.

नटमध्ये अडकणारी तार

तार उतरवताना आपण खुंटीकडचा भाग सैल करतो. नटच्या खाचेत घर्षण जास्त असेल तर हा सैलपणा नटच्या पलीकडेच अडून राहतो आणि वाजणाऱ्या भागात ताण तुलनेने जास्त उरतो. ट्यूनर त्या क्षणी डी दाखवतो; पण चार वेळा तार ओढली किंवा जोरात छेडली की अडकलेली ढील नटमधून अलीकडे येते आणि सूर खाली घसरतो. खुंटी फिरवताना नटपाशी 'टक्' असा बारीक आवाज येत असेल आणि सूर हळूहळू सरकण्याऐवजी झटक्याने बदलत असेल, तर निदान पक्के समजावे. आधीपेक्षा जाड तारा लावल्यावर हा त्रास विशेषकरून सुरू होतो, कारण जुन्या खाचा त्यांना अरुंद पडतात.

खाचेत मऊ पेन्सिलीचे शिसे घासल्याने घर्षण बरेच कमी होते, आणि तारा बदलताना ते प्रत्येक वेळी नव्याने करावे. खाच खरोखरच अरुंद असेल तर ती कानशीने रुंद करावी लागते. हे काम गिटार दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडे सोपवणे मी योग्य समजतो, कारण रुंद करताना खाच चुकून खोल गेली की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खडखडू लागते आणि नट बदलण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

जुळवण्याची सवयही येथे तितकीच महत्त्वाची आहे. वरून खाली येत सुरावर थांबू नये. तार हव्या त्या स्वराच्या जवळजवळ अर्धस्वर खाली न्यावी, बाराव्या फ्रेटजवळ दोन बोटांनी हलकेच उचलून ओढावी, आणि मग खालून वर येत सुरावर थांबावे. त्यामुळे खुंटीच्या दातेरी चाकांमधला सैलपणा ताणाच्या बाजूने घट्ट बसतो आणि नटच्या दोन्ही बाजूंचा ताणही सारखा होतो. ओढल्यावर सूर हलला तर पुन्हा जुळवावे. तीन-चार वेळा ओढूनही तो हलेनासा झाला की ती तार स्थिरावली असे मानता येते. खुंटीवर तारेचे वेढे एकमेकांवर चढलेले असतील तर हा सगळा खटाटोप वाया जातो. जाड तारेला दोन-तीन आणि बारीक तारेला तीन-चार वेढे एकाखाली एक बसलेले असावेत.

तिसऱ्या तारेचा गंधार

आता मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटणारा भाग. ओपन डीमध्ये डी हा षड्ज धरला तर ए हा पंचम आणि एफ शार्प हा शुद्ध गंधार होतो. ट्यूनर सप्तकाचे १२ सारखे भाग करतो आणि प्रत्येक भागाचे १०० सेंट धरतो. या मोजणीत पंचम ७०० सेंटवर येतो. नैसर्गिक पंचम ७०२ सेंटवर असल्यामुळे तो फरक कानाला जाणवतही नाही. गंधाराचे मात्र तसे नाही. ट्यूनरचा गंधार ४०० सेंटवर असतो, तर ५:४ या गुणोत्तराने मिळणारा नैसर्गिक गंधार सुमारे ३८६ सेंटवर, म्हणजे जवळजवळ १४ सेंट खाली. तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून कुणीही न छेडलेला गंधार ऐकू येतो, तो हाच.

नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये हा फरक विखुरलेला राहतो, कारण प्रत्येक कॉर्डमध्ये गंधार वेगळ्या तारेवर आणि बोटाखाली असतो. ओपन डीमध्ये तो एका मोकळ्या तारेवर कायमचा बसलेला असतो आणि त्याच्याभोवती तीन डी व दोन ए दीर्घकाळ घुमत असतात. सहाव्या तारेचा, ७३.४ हर्ट्झच्या डीचा, पाचवा उपस्वर सुमारे ३६७ हर्ट्झ येतो. ट्यूनरने लावलेल्या तिसऱ्या तारेचा दुसरा उपस्वर ३७० हर्ट्झ. हे दोन स्वर एकत्र वाजले की सेकंदाला जवळजवळ तीन हेलकावे ऐकू येतात, आणि 'कॉर्ड थरथरतो' किंवा 'आंबट लागतो' अशी जी तक्रार असते तिचा उगम बहुधा येथे असतो. ओपन जीमध्ये हाच प्रकार दुसऱ्या तारेच्या बीबाबत घडतो, आणि ओपन सीमध्ये पहिल्या तारेच्या ईबाबत. डी, ए, डी, जी, ए, डी या लोकप्रिय ट्यूनिंगमध्ये गंधारच नाही. ती इतकी स्वच्छ वाटते यामागे हे कारण नक्कीच आहे.

कानाने खातरजमा करायची असेल तर सहाव्या तारेवर चौथ्या फ्रेटच्या किंचित अलीकडे, नटच्या बाजूला, बोट अलगद टेकवून हार्मोनिक काढा. तारेचा पाचवा भाग बरोबर तेथे येतो आणि नैसर्गिक गंधार मिळतो. मग तिसऱ्या तारेवर बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक काढून दोन्ही एकत्र घुमू द्या आणि हेलकावे थांबेपर्यंत तिसरी तार उतरवा. शेवटचा हेलकावा विरतो त्या क्षणी संपूर्ण गिटारचा आवाज एकदम मोठा आणि शांत होतो. ज्यांनी हे एकदाही ऐकलेले नाही त्यांनी पुढचे काही वाचण्याआधी ते करून पाहावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.

येथे अडचण मात्र आहेच. तिसरी तार १४ सेंट उतरवली की तिच्यावर दाबलेला प्रत्येक स्वर तितकाच उतरतो. तिसऱ्या फ्रेटवर या तारेचा ए निघतो, आणि शेजारच्या दुसऱ्या मोकळ्या तारेवरही तोच ए असतो. २२० हर्ट्झच्या आसपास त्या दोघांत पावणेदोन हेलकाव्यांचे अंतर पडते आणि ते स्पष्ट ऐकू येते. म्हणून किती उतरवायचे हे वादनावर ठरवावे. स्लाइडने (तारांवरून सरकवायच्या नळीने) वाजवणाऱ्याने किंवा सहाही तारांवर आडवे बोट ठेवून कॉर्ड सरकवणाऱ्याने पूर्ण १४ सेंट खुशाल उतरवावेत, कारण तेथे गंधार सर्वत्र गंधारच राहतो. जो प्रत्येक तारेवर वेगवेगळी बोटे ठेवून चाली वाजवतो त्याने सहा ते आठ सेंटांवर थांबावे. मी स्वतः सात सेंटांवर थांबतो. दुसऱ्या वाद्याच्या साथीला बसताना, विशेषतः पियानो किंवा की-बोर्ड असेल तेव्हा, तीन-चार सेंटांपेक्षा खाली जाऊ नये.

फ्रेट मोजून जुळवणाऱ्यांसाठी एक सूचना. ओपन डी लिहिण्याची 'डी ७ ५ ४ ३ ५' अशी एक पद्धत आहे, आणि कॅनडाच्या गायिका-गीतकार जोनी मिचेल यांच्या अनेक ट्यूनिंग अशाच नोंदवल्या गेल्या आहेत: सहावी तार डीवर लावायची, तिच्या सातव्या फ्रेटच्या स्वराला पाचवी, पाचवीच्या पाचव्या फ्रेटला चौथी, चौथीच्या चौथ्या फ्रेटला तिसरी, असे पुढे जायचे. अंदाजे जागेवर येण्यासाठी ती उत्तम आहे. परंतु चौथ्या फ्रेटवरून घेतलेला गंधार ट्यूनरइतका चढा असतोच, शिवाय बोटाने तार दाबल्यामुळे तो आणखी चढतो, आणि ती चूक पुढच्या तारांवरही उतरत जाते. शेवटची जुळवणी हार्मोनिकनेच करावी.

दाबलेले स्वर चढे निघत असतील तर

तार फ्रेटवर दाबताना ती थोडी ताणली जाते. हा वाढीव ताण जवळजवळ ठरावीक असतो. मूळ ताण जितका कमी, तितका त्याचा परिणाम मोठा. दोन अर्धस्वर उतरवलेल्या तारेवर दाबण्याने चढणारा सूर पूर्वीपेक्षा सुमारे पाव हिश्शाने अधिक चढतो, आणि ओपन सीमधल्या सहाव्या तारेवर तर तो दीडपटीच्याही पुढे जातो. सैल तार जोरात छेडली की सुरुवातीचा क्षणभर ती चढी वाजून मग खाली बसते, हेही याच कारणाने. म्हणून जुळवताना तार आपण प्रत्यक्ष वाजवतो तितक्याच जोराने छेडावी आणि वाजवताना डाव्या हाताचा दाब कमी ठेवावा.

जाड तारा लावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धा बरोबर आहे. दोन अर्धस्वर खाली जाऊन तोच ताण हवा असेल तर जाडी सुमारे १२ टक्क्यांनी वाढवावी लागते, म्हणजे पहिल्या तारेसाठी ०.०१२ ऐवजी ०.०१३ किंवा ०.०१३५ इंच, आणि सहाव्या तारेसाठी ०.०५३ ऐवजी ०.०५९ च्या आसपास. यामुळे खडखड कमी होते, बोटाखाली तार आडवी ओढली जात नाही, आणि छेडल्यावरचा चढेपणाही घटतो. पण साध्या, न गुंडाळलेल्या तारेत जाडीबरोबर ताठरपणाही त्याच प्रमाणात वाढतो, त्यामुळे केवळ फ्रेटपर्यंत दाबल्याने होणारा चढेपणा त्या तारांवर जवळजवळ तसाच राहतो. त्यासाठी तारेची उंची पाहावी. पहिल्या तीन फ्रेटवर स्वर जास्त चढे आणि बाराव्यावर बरे असतील तर नटच्या खाचा उंच आहेत. बाराव्यावरच चढे असतील तर सॅडल मागे सरकवावे लागेल. इलेक्ट्रिक गिटारवर ते स्क्रूने जमते, अकूस्टिकवर नवे सॅडल घडवून घ्यावे लागते.

ओपन जीमध्ये सहावी तार पंचमावर असते आणि षड्ज पाचव्या तारेवर. सहावी फारच त्रास देत असेल तर ती काढून ठेवणे हाही मान्य मार्ग आहे. रोलिंग स्टोन्सचे गिटारवादक कीथ रिचर्ड्‌स यांनी पाच तारांची ओपन जी वर्षानुवर्षे वाजवली आहे.

खडखड सुरू झाली म्हणून लगेच ट्रस रॉड (मानेच्या आतली, तिचा वाक ठरवणारी धातूची दांडी) फिरवू नये. फक्त मोकळी तार खडखडत असेल तर कारण नटमध्ये आहे. पहिल्या पाच फ्रेटपर्यंत खडखड असेल तर ताण घटल्यामुळे नेक जास्त सरळ झाला आहे. तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून सहाव्या-सातव्या फ्रेटवरची फट पाहावी, ती ०.२ ते ०.२५ मिलिमीटर असावी. फटच उरली नसेल आणि गिटार कायम त्याच ट्यूनिंगमध्ये ठेवायची असेल, तरच रॉड पाव फेरा सैल करून एक दिवस थांबावे. रोज ट्यूनिंग बदलणाऱ्याने रॉडला हात न लावता तारांची जाडी बदलावी.

वर चढवण्याच्या ट्यूनिंगबाबत माझे मत ठाम आहे. ओपन ईमध्ये पाचवी व चौथी तार प्रत्येकी दोन आणि तिसरी एक अर्धस्वर चढते, पहिल्या दोघींचा ताण २६ टक्क्यांनी वाढतो आणि एकूण ओढ जवळपास ९ किलोंनी. त्याऐवजी ओपन डी लावून दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सर्व तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) बसवला की तेच स्वर मिळतात, आणि ओपन एसाठी ओपन जीवर तसाच कॅपो चालतो. कॅपो फ्रेटला अगदी लागून आणि खडखड थांबेल इतक्याच दाबाने लावावा, आणि लावल्यानंतर गंधाराची तार पुन्हा एकदा तपासावी, कारण तीच सर्वांत आधी हलते.

नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये परत जाताना हाच क्रम उलटा लागू होतो: चढवलेल्या तारा नेकला पुढे ओढतात आणि न छेडलेल्या पाचव्या व चौथ्या तारा उतरतात. सहावीपासून सुरुवात करून दोन फेऱ्या कराव्यात, आणि नट किंवा खुंटीपाशी वाकून काळवंडलेली तार दिसली तर ती चढवण्याआधीच बदलावी.